चौदा किलोंची सीट

धानाचा हंगाम सुरू झाला की मी खुर्ची बदलते. एरवी मिलच्या ऑफिसात प्लास्टिकची खुर्ची पुरते, कारण एरवी मी बसते कुठे? पण दिवाळीनंतर फाटकात ट्रॅक्टर उभे राहू लागले की दिवसाचे बारा तास वजनकाट्याकडे तोंड करून बसायचं असतं, आणि माझ्या कमरेला ते झेपत नाही. मग मी कोपऱ्यातली काळी सीट पुढे ओढायला सांगते. त्याला दोन माणसं लागतात. सीट नुसती चौदा किलोंची आहे, पण तिच्या खाली वेल्डिंग करून बसवलेली लोखंडी चौकट भारी आहे.

काळं रेक्झिन, त्यावर लाल दोऱ्याची शिवण, मानेला टेकू. शिवणीत धानाची धूळ जाऊन बसली आहे. कितीही पुसा, निघत नाही. डाव्या हाताला खाली एक दांडा आहे. पूर्वी तो ओढला की सीट पुढेमागे सरकायची. आता खट् असा आवाज येतो आणि सीट जागची हलत नाही. फोनवर बोलताना माझा हात नकळत त्या दांड्यावर जातो. खट्. खट्. पलीकडच्याला वाटतं, बाई चिडली.

नवा माणूस आला की विचारतोच. परवा एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बाई, हे कोनत्या गाडीची सीट होय?"

"आमच्या."

"मंग गाडी कुठं हाये?"

"तुमचं धान ओलं आहे," मी म्हटलं, आणि विषय बदलला. धान खरंच ओलं होतं.

पण त्या दिवसापासून गाडीचा तो हंगाम डोक्यातून जात नाही. सात वर्षं झाली असतील. बाहेर सगळं तसंच आहे: मिलमागे भुशाचा पिवळा डोंगर, धानाचं टरफल काढणाऱ्या शेलरच्या तापलेल्या रबराचा करपट वास, नव्या तांदळाचा गोडसर कोंदट वास, सकाळी नऊपर्यंत न उठणारं धुकं. एकच गोष्ट तेव्हा होती आणि आता नाही. शेडच्या दारात, भुशाची पोती सरकवून केलेल्या जागेत, एक लाल गाडी उभी असायची.

गाडी माझ्या नवऱ्याची. तोंडाने मी त्यांना अहो म्हणते, पण लिहिताना नाव घेते, सुधाकर. सुधाकर शाळेत शिक्षक होते. मिल सासऱ्यांची. सासऱ्यांच्या मागे ती सुधाकरांनी बघायची होती, पण त्यांना मिलचा आवाज सहन होत नसे. अर्ध्या तासात त्यांचं डोकं दुखायला लागायचं. मला आवाजाचं काही वाटत नाही. मी दिघोरीची, धानातच वाढलेली. त्यामुळे मिल माझ्याकडे आली आणि शाळा त्यांच्याकडे राहिली. वाटणी चांगली होती. कोणाची तक्रार नव्हती.

आणि मग पन्नाशी ओलांडल्यावर या शांत माणसाने नागपूरहून एक जुनी स्पोर्ट्स कार आणली.

दोन दारं, दोन सीटा, वरचं कापडी छत मागे दुमडायचं. लांब नाक, बसकं बूड. उभी असली की वाटायचं आत्ता सुटेल. पण नाकाखाली इंजिन होतं ते एका लहानशा घरगुती गाडीचं, आणि तेही वय झालेलं. मोकळ्या रस्त्यावर ती बरी चालायची. पण आमच्याकडे मोकळा रस्ता आहे कुठे? पुढे धानाने भरलेला ट्रॅक्टर, त्याच्या पुढे दुसरा ट्रॅक्टर. ओव्हरटेक करायला सुधाकर गाडी बाहेर काढायचे, इंजिन बोंबलायचं, गाडी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाशी पोचायची आणि तिथेच राहायची. समोरून ट्रक दिसला की पुन्हा मागे. ट्रॉलीवर बसलेल्या बाया हसायच्या.

गावात तिचं नाव पडलं ‘गुरुजीची अर्धी गाडी’. चहावाला विचारायचा, "गुरुजी, छत कुठं सोडलं? वाऱ्यानं उडालं का?" सुधाकर हसायचे. त्यांना चिडवून घ्यायला आवडायचं. मला नाही. मी विचारलं, "अहो, या वयात हे कायले?" ते म्हणाले, "तुले न्यायले."

कुठे न्यायला, ते त्या वर्षी कळलं.

त्यांच्या मामाचं गाव आमच्या तुमसरहून बत्तीस किलोमीटरवर, जंगलाच्या कडेला. तिथे मालगुजारांनी बांधलेला जुना मालगुजारी तलाव आहे. त्यात ढिवर कोळ्यांनी लावलेले शिंगाडे असतात. सुधाकर लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत तिथे जायचे. डोंगा पाण्यात शिरायचा, बाई वेल उचलायची आणि खालचे हिरवे, काटेरी शिंगाडे तोडून पोराच्या ओंजळीत टाकायची. पाण्यातून निघाल्या निघाल्या सोलून खाल्लेला शिंगाडा कसा लागतो, हे त्यांनी मला आमच्या लग्नापासून पाच-पन्नास वेळा सांगितलं असेल. गोड असतो, दुधाळ असतो, दाताखाली काकडीसारखा मोडतो. तासाभरात ती चव जाते. बाजारात येतो तो नुसता शिंगाडा असतो, असं त्यांचं म्हणणं.

आता अडचण अशी की शिंगाड्याचा हंगाम आणि धानाचा हंगाम एकच. दिवाळी ते संक्रांत. तेवढे दिवस मला मान वर करायला वेळ नसतो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि मी त्या तलावावर एकदाही गेले नव्हते. उन्हाळ्यात गेले होते, पण उन्हाळ्यात तो नुसता तडकलेला चिखल.

त्या दिवाळीत ते मिलमध्ये आले, दारातच उभे राहिले आणि आवाजावरून ओरडून म्हणाले, "मीना, एक दिवस येत का माह्यासंग तलावावर? शिंगाडे निंगून राहिले."

मी पावती लिहीत होते. मीही ओरडून म्हटलं, "मिल दुपारी एक ते अडीच बंद राह्यते. तेवढ्यात जाऊन येनं होते का? होत असन तर येतो."

मला नाही म्हणायचं होतं. सरळ नाही म्हटलं की माणूस दुखावतो, म्हणून मी नकाराला वेळेचं कारण जोडलं. सगळेच जोडतात. पण सुधाकर शिक्षक. त्यांनी ते उदाहरण समजून वहीत उतरवून घेतलं. जायला तीस मिनिटं, यायला तीस, तलावावर तीस. नव्वद. होतं.

शाळेला दिवाळीची सुट्टी होती. दुसऱ्याच दिवशी ते एकटे गाडी घेऊन गेले आणि घड्याळ लावून आले. जायला शेहेचाळीस मिनिटं. म्हणजे सोळा मिनिटं कमी करायची होती. गाडी जोरात पळाली पाहिजे होती.

हे सगळं मला तेव्हाच माहीत होतं. पुढे जे झालं ते गैरसमजातून झालं असं म्हणायची सोय मला नाही.

सुरुवात धनराज मिस्त्रीने केली. धनराज आमच्या मिलचा मिस्त्री, माझ्याच वयाचा, तेव्हापासून आजपर्यंत आमच्याकडेच. मिलच्या माणसाला वेग म्हणजे पुली एवढंच माहीत. शेलर हळू वाटला, पुली बदला. पॉलिशर जोरात वाटला, पुली बदला. दुपारी मिल थांबली की तो भाकरी हातात घेऊनच गाडीच्या नाकात डोकं घालून उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "सर, बॅटरी चार्ज करनारं हे चाक इंजिनाची ताकद खाऊन राहिलं. याले मोठी पुली लावतो. हळू फिरन, कमी खाईन."

आणि त्याने खरंच लेथवर एक पुली कातून आणली. कार्बोरेटर साफ केला, टायमिंग बसवलं. गाडी जरा मोकळी झाली. पण हॉर्न बकरीसारखा वाजायला लागला आणि हेडलाइट मिणमिणायला लागले.

"धनराज, लाइट गेले ना रे," सुधाकर म्हणाले.

"दुपारी एक वाजता जाऊन राहिले तुमी. लाइट कायले पाह्यजे?"

सहा मिनिटं कमी झाली. चाळीस.

मी तोवर लांबून पाहत होते. दोन मोठी माणसं रोज दीड तास एका बोनेटवर वाकून उभी राहतात, हे मला पाहवत नव्हतं. एक दिवस जेवणाचा डबा घेऊन मी शेडमध्ये गेले आणि म्हटलं, "इंजिन जुनं आहे. त्याले मारून मारून किती मारसाल? वजन पाहिलं का?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

भाताच्या मिलमध्ये आम्ही एकच हिशेब करतो, उताऱ्याचा. शंभर किलो धान टाकलं तर पासष्ट-सदुसष्ट किलो तांदूळ निघतो. बाकी भुसा, कोंडा आणि कनकी, म्हणजे तुटलेला दाणा. खायच्या दाण्याभोवती जे काही आहे ते काढत जायचं, काढलेलं वेगळं तोलायचं. तीस वर्षं मी हेच करते. मी गाडीकडे पाहिलं आणि मला तिच्यातही एक दाणा आणि त्याच्याभोवतीचा भुसा दिसला.

रस्त्यावरच्या, ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर गाडी चढवली. आठशे साठ किलो. मग आम्ही सुरू झालो.

आधी डिकीतली स्टेपनी आणि जॅक. मग खालचे गालिचे आणि त्याखालचं फेल्ट. गाणी वाजवायचं यंत्र आणि त्याचे डबे. एसीचा सगळा पसारा. कापडी छत त्याच्या पाइपांसकट, कारण पाऊस संपला होता. प्रत्येक वस्तू मी मिलच्या काट्यावर ठेवायची, आकडा खडूने भिंतीवर लिहायची. बावीस. एकवीस. पंधरा. हमाल जेवण आटोपून बघायला यायचे. एकेक वस्तू हातात घेऊन अंदाज सांगायचे आणि काटा त्यांचाच अंदाज खरा ठरवायचा. बुधराम नावाचा एक म्हातारा हमाल होता, तो स्टेपनी नुसती पायाने हलवून म्हणाला, "पंधरा." पंधराच भरली.

त्या दुपारा मला आठवतात. मिल थांबली की आधी कानात एक पोकळी व्हायची. मग हळूहळू चिमण्या ऐकू यायच्या. शेडच्या पत्र्यांतून उन्हाच्या पट्ट्या खाली यायच्या आणि त्यांत धूळ वर-खाली होत राहायची. लाल बोनेटवर कोंड्याचा पातळ थर बसलेला असायचा, त्यावर सुधाकर बोटाने आकडेमोड करायचे. आम्ही पोत्यांवर बसून वांग्याची भाजी आणि भात खायचो. पेट्रोलचा वास आणि नव्या भाताचा वास एकत्र. मी हसायची. मिलमध्ये मी हसते हे हमालांना नवीन होतं.

कधी वाटतं, त्याच दुपारा आमच्या होत्या. रोज दीड तास आम्ही एकमेकांसोबत तर होतोच, मग तलावावर काय वेगळं होतं? हा विचार मी बऱ्याचदा करून पाहिला आहे. टिकत नाही. कारण त्या सगळ्या दुपारी सुधाकर माझ्याकडे पाहत होते आणि मी काट्याकडे.

मी आणखीही एक शोध लावला. एक ते दीडच्या दरम्यान रस्त्यावर ट्रॅक्टर सगळ्यात कमी असतात, सगळे कुठल्या ना कुठल्या मिलच्या दारात जेवत असतात. म्हणजे एक वाजता फाटकातून निघालं तर पहिले पंधरा किलोमीटर मोकळे. सुधाकर म्हणाले, "हे मले सुचलं नसतं." मला फार बरं वाटलं. कितीतरी वर्षांत कोणी मला काही सुचल्याबद्दल चांगलं म्हटलं नव्हतं.

छत्तीस. पस्तीस.

एकदा ते वेळेवर परत आले नाहीत. स्टेपनी आम्ही काढून ठेवलेली, आणि नेमकं चाक पंक्चर. शेवटी चार वाजता एक धानाचा ट्रॅक्टर फाटकात शिरला, त्यावर पोत्यांच्या राशीवर सुधाकर, मांडीवर चाक. सगळी मिल बाहेर आली.

"गुरुजी, गाडी कुठं हाये?" बुधरामने विचारलं.

"मागून येऊन राहिली," सुधाकर म्हणाले, अगदी गंभीर चेहऱ्याने.

त्या ट्रॅक्टरचं धान आम्ही त्या दिवशी आधी तोललं.

पस्तीसवर आकडा अडला. काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि आत पाहिलं. उघडा पत्रा, एक स्टिअरिंग, दोन सीटा.

दोन.

मी पाना घेतला. चार बोल्ट होते. शाळा पुन्हा सुरू झाली होती; सुधाकर शाळेतून आले तेव्हा सीट काट्यावर होती आणि मी भिंतीवर चौदा लिहीत होते.

त्यांनी भिंतीवरचा आकडा वाचला. मग म्हणाले, "मंग तू कुठं बसशीन?"

"आधी वेळ तर जमू द्या. जायच्या दिवशी लावू. चार बोल्ट त आहेत, दहा मिनिटांचं काम."

"तू बसली का वजन वाढनच ना."

"तवाचं तवा पाहू."

साठ किलोंची बाई गाडीत बसणार आहे म्हणून हा सगळा खटाटोप, आणि मी चौदा किलोंसाठी तिचीच जागा काढते आहे. हे न कळण्याइतकी मी मठ्ठ नव्हते. मला ते दिसलं होतं. पण पस्तीसचे तीस व्हायला हवे होते. आकडा हातात आला की मला दुसरं काही सुचत नाही, हा माझा स्वभाव आहे. या स्वभावावर मिल चालली. एवढं मी स्वतःसाठी म्हणू शकते, जास्त नाही.

धनराज बाजूला उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, जास्त पॉलिश नोका मारू. कनकी होते."

पॉलिश जास्त झालं की तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, पण दाणा तुटतो. हे मी रोज नव्या माणसांना शिकवत असते. मी धनराजला म्हटलं, "तू तुझं काम पाहा."

सीट ऑफिसात आणून ठेवली. भिंतीला टेकून. माझी खुर्ची त्याच आठवड्यात मोडली होती आणि मी धानाच्या पोत्यावर बसत होते. कमरेतून कळ निघायची. सीट समोर होती, मऊ, कोणाच्या उपयोगात नसलेली. दोन दिवस मी तिच्याकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. एक वाजता सुधाकर निघाले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी हात वर केला. गाडीचा आवाज त्या दिवशी वेगळा होता, सुटा आणि हलका. रिकामं भांडं घरंगळत जावं तसा. मिल थांबलेली होती. वेल्डिंगचं काम आम्ही त्याच वेळात करतो, कारण मोटर चालू असताना विजेचा दाब पुरत नाही. धनराज मशीन काढून, धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचा एक डबा जोडत होता. तो जोडून झाल्यावर मी म्हटलं, "मशीन काढलीच आहे तर या सीटले पाय लावून दे."

"पाय? मंग गाडीत कशी बसन?"

"पाहू ना मंग. माही कंबर मोडून राहिली."

सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्या पट्ट्या मध्ये येत होत्या. त्याने विचारलं, "कापू?" मी म्हटलं, "काप." ग्राइंडरच्या ठिणग्या उडाल्या. पाऊण तासाचं काम होतं. ते तिकडे तलावाच्या पाळीवर पोचले असतील तेव्हा पट्ट्या कापून झाल्या होत्या. ते परत निघाले असतील तेव्हा चौथा पाय जोडला जात होता.

त्यांनी उद्याच मला नेलं असतं असं मला वाटलंच नाही. खरं सांगायचं तर ते मला कधीतरी नेतील असं मला केव्हाच वाटलं नव्हतं. नुसता आकडा कमी होत जाईल, आपण तो लिहीत राहू, आणि हंगाम संपेल.

दोन वाजून अठ्ठावीस मिनिटांनी गाडी फाटकात आली. सुधाकर उतरले तेव्हा त्यांचे केस उभे होते आणि डोळे वाऱ्याने लाल झाले होते. त्यांनी हाताची बोटं नाचवली. "एकतीस! जायले एकतीस, यायले एकतीस. तिथं सव्वीस मिनिटं बसलो मी, मीना. तरी दोन मिनिटं हातात आहेत."

जिथे माझी सीट होती तिथे पत्र्यावर ओला टॉवेल होता. त्यात शिंगाडे. हिरवे, काट्याचे, वेलीच्या देठासकट. पत्र्यावर तळ्याचं पाणी सांडलं होतं. त्यांनी एक सोलून माझ्या हातावर ठेवला. सोलताना त्यांच्या अंगठ्याला काटा लागला आणि रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी पँटला पुसला.

मी उभ्यानेच खाल्ला. गोड होता. दाताखाली मोडला. पण ते सांगायचे तसा होता की नव्हता, मला ठरवता आलं नाही, कारण तेवढ्यात अडीच वाजले आणि मिल सुरू झाली.

ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "उद्या सोमवार, माही सुट्टी टाकतो. सीट लावतो आत्ता. पाना कुठं आहे?"

आणि ते ऑफिसात गेले.

मी मागे गेले नाही. काट्यावर पोतं होतं. काचेतून मला दिसत होतं. ते सीटसमोर उभे राहिले. वाकून पाय पाहिले. बोटाने वेल्डिंगला हात लावला आणि लगेच काढला, अजून गरम असणार. मग ते तिच्यावर बसले. तो दांडा ओढून पाहिला. थोड्या वेळाने उठून बाहेर आले.

"बरी झाली खुर्ची," ते म्हणाले.

मिलच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी दुसऱ्या दिवशी धनराजला बसवून पट्ट्या जोडून घेतल्या असत्या, किंवा गाडीच्या पत्र्यावर पोतं टाकून बसून गेले असते. राग आला की मला काम सुचतं. पण त्यांनी मान हलवली, डोकं दुखायच्या आधी मिलमधून बाहेर पडले, आणि सोमवारी शाळेत गेले.

पुढे काही भांडण झालं नाही. त्या हंगामात ते दोनचार रविवारी एकटे गेले असतील. शिंगाडे आणले नाहीत. पुढच्या वर्षी नागपूरहून एक माणूस आला. त्याला एकट्यानेच पळवायला हलकी गाडी हवी होती. आम्ही काढून ठेवलेली स्टेपनी, छत, गालिचे त्याने नाकारले. "वजन वाढते," म्हणाला. सुधाकरांनी त्याला पुलीबद्दल समजावून सांगितलं आणि लाइट लावून दाखवले. गाडी फाटकातून जाताना ते शेडमध्ये भिंतीजवळ उभे होते. नंतर मी पाहिलं तेव्हा भिंतीवरचे खडूचे आकडे ओल्या कापडाने पुसलेले होते. एक चौदा अजून पुसट दिसतो. तो मी पुसला नाही, आणि रंगही मारला नाही.

आता सुधाकर निवृत्त झाले. त्यांच्या एका कानाला कमी ऐकू येतं, त्यामुळे मिलचा त्रास होत नाही. सकाळी दहाला येतात. फाटकावर ट्रॅक्टरांचे नंबर लावतात, कोणाचं आधी, कोणाचं नंतर. चोख काम करतात. हमाल म्हणतात, सर बाईपेक्षा कडक आहेत. परवा एक शेतकरी म्हणाला, "गुरुजी, जरा बसा ना, चहा घ्या." सुधाकर म्हणाले, "वेळ नाही." मी काचेतून ऐकलं आणि हातातला पेन खाली ठेवला.

आणि मला आता वेळ आहे. नवीन मशिनरी आहे, काटा स्वतः पावती काढतो. धनराज आता बसून हुकूम देतो. मी दोन तास काय, दिवसभर गेले तरी मिलचं काही अडत नाही. घरी एसीची गाडी आहे, इंजिन चांगलं आहे, रस्ता रुंद झाला. तलाव अर्ध्या तासावर आला आहे आणि त्यासाठी कोणाला काही करावं लागलं नाही.

काल एक वाजता मिल थांबली. चिमण्या ऐकू आल्या. फाटकासमोरून शिंगाडेवाली टोपली घेऊन गेली. सुधाकर डबा उघडत होते.

मी म्हटलं, "अहो, तलावावर चलता का?"

"आं?"

मी त्यांच्या चांगल्या कानाकडे गेले. "तलावावर. मामाच्या गावच्या. शिंगाडे निंगाले असतीन. आत्ता निघू, अडीचपर्यंत वापस."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"एवढ्या दूर कायले?" ते म्हणाले. "चौकात मिळतात ना. तुले खायचे आहेत का? थांब, आनतो."

"खायचे नाहीत मले. जायचं आहे."

"अडीचले चार ट्रॅक्टर लागले आहेत, मीना. हे काय जायचे दिवस आहेत?" आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि स्कूटरची किल्ली घेतली. माझ्यासाठीच. घाईघाईने.

मी सीटवर बसून राहिले. हात दांड्यावर गेला. मी तो ओढला नाही.

ते आले तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी होती. उकडलेले, काळे पडलेले, थंड शिंगाडे. त्यांनी कागदावर ओतले, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसले. एक सोलून माझ्या हातावर ठेवला. उकडलेल्याचे काटे टोचत नाहीत.

"पाह्य," ते म्हणाले, "जाऊन-येऊन अकरा मिनिटं."